तिसरी पट्टी

१

ज्यांच्या हातात आत्ता चहाचा कप असेल त्यांनी तो आधी खाली ठेवावा. गोष्ट कपापासूनच सुरू होते, आणि मागाहून सांगणाऱ्याच्या नावाने बोटं मोडलेली चालणार नाहीत.

काचकाम करणारा एक माणूस होता. त्याला सगळे टिचक्या म्हणत. तोंडावर टिचकीकाका, पाठ फिरली की नुसता टिचक्या. चाळीस वर्षं लोकांच्या खिडक्यांना काचा बसवता बसवता त्याला एक खोड जडली होती. समोर येईल ती वस्तू टिचकी मारून वाजवून बघायची. मधलं बोट अंगठ्याखाली ताणायचं आणि सोडायचं. दोनदा. मग थांबून कान द्यायचा. या खोडीपायी त्या बोटाचं नख जाड, पिवळं झालं होतं आणि मधोमध उभं चिरलं होतं. सासुरवाडीला पहिल्यांदा गेला तेव्हासुद्धा त्याने चहा प्यायच्या आधी कप वाजवून बघितला, आणि सासूबाईंनी तो अपमान शेवटपर्यंत जिवापाड जपला.

पण कान मात्र पक्का. अखंड वस्तू टण्ण वाजते आणि त्या आवाजाची शेपटी थोडा वेळ हलत राहते. तडा गेलेली वस्तू बद्द म्हणते आणि गप्प बसते, मग दिसायला ती कितीही नवीकोरी असो. कारण तडा डोळ्यांना दिसतो त्याच्या कितीतरी आधी सुरू झालेला असतो. आत कुठेतरी केसाएवढा दबा धरून बसतो, आणि त्याचं सगळं बळ त्याच्या टोकात असतं. हे टिचक्याला शाळेने शिकवलं नव्हतं. शाळा त्याने सहावीत सोडली की शाळेने त्याला सोडलं, यावर दोन्ही बाजूंचं म्हणणं वेगळं आहे.

त्या बुधवारी सकाळी बायकोने चहा आणून ठेवला. टिचक्याने पेपरातून मान वर न करता कपाला दोन टिचक्या मारल्या.

बद्द. बद्द.

“हा कप गेला,” तो म्हणाला.

“गेला कुठे? समोर तर आहे तुमच्या.”

“तडा गेलाय त्याला.”

बायकोने कप उचलला, खिडकीतल्या उन्हात धरला, आतून बाहेरून फिरवला. रेघ नाही. चहा बशीत ओतला, कपात काठोकाठ पाणी भरलं आणि तो पेपरावर ठेवला. दोघं नवरा-बायको त्या कपाकडे टक लावून बसले. पाच मिनिटांनी कप उचलला. पेपर कोरडा ठणठणीत. मग बायकोने पाणी फेकून स्वतःच टिचकी मारली.

“टण्ण तर वाजतोय. कान धुऊन या जरा.”

त्याने स्वतः पुन्हा मारली, तर बद्दच. तो उठला आणि फळीवरचे उरलेले पाच कप वाजवून आला. मग पाण्याचा पेला. मग आरसा. मग स्वतःच्या हाताने बसवलेली खिडकीची काच.

सहा कप एका रात्रीत टिचत नाहीत. इतकं नेमकं काम तर मुद्दाम करायला बसलं तरी जमत नाही. टिचक्याने स्वतःला हे दोनदा समजावलं आणि बशीतला चहा गार करून प्यायला.

२

आता त्याआधीच्या शनिवारी काय झालं ते सांगायला हवं. टिचक्याने ते कोणालाच सांगितलं नव्हतं, बायकोलाही नाही, तेव्हा तुम्हीही जरा तोंड आवरा.

दोन गल्ल्या सोडून एक तीन मजली जुनी इमारत होती. तिच्या वरच्या मजल्यावर टिचक्याच्या धाकट्या बहिणीचा शिवणखाना. बारा मशीन, बारा बायका, आणि तेरावी धाकटीची जीभ, जी सगळ्यात जोरात चाले. खालचे दोन मजले रिकामे होते. मागच्या भिंतीला जिन्याच्या कडेने तळापासून वरपर्यंत एक तडा गेला होता. तो जुना आहे की भिंत अजून हलते आहे, हे कळावं म्हणून एका इंजिनिअरबाईंनी टिचक्याला काम दिलं होतं.

काम असं. तड्यावर आडवी, बोटभर रुंदीची काचेची पातळ पट्टी ठेवायची आणि तिची दोन्ही टोकं दोन बाजूंना प्लास्टरने भिंतीत पक्की करायची. भिंत जागची हलली नाही तर पट्टी वर्षानुवर्षं राहते. भिंत केसभर जरी सरकली तर पट्टी तुटते, कारण काचेला ताणून घेणं माहीतच नाही. रबर ताणतं, कापड ताणतं, माणूसही वेळ पडली की ताणतो. काच एकदम मोडते. टिचक्या या पट्ट्यांना साक्षीदार म्हणायचा. अशा पाच पट्ट्या त्याने खालून वर बसवल्या होत्या आणि प्रत्येकीवर काच कापायच्या हिऱ्याने तारीख ओरखडली होती. दर शनिवारी जाऊन बघायचं आणि जिन्याच्या खिळ्याला टांगलेल्या वहीत लिहायचं.

“काका, यातली एक जरी तुटली तर त्याच दिवशी मला फोन,” इंजिनिअरबाईंनी बजावलं होतं. “आणि वर एकही माणूस थांबायचा नाही.”

त्या शनिवारी तिसरी पट्टी तुटलेली होती. ही शिवणखान्याच्या दाराखालच्याच वळणावर होती. टिचक्या तिच्यासमोर उभा असताना धाकटी कापडाचा गठ्ठा घेऊन जिना चढत आली.

“तुटली?” तिने विचारलं.

“तुटली.”

धाकटीने गठ्ठा खाली ठेवला. डोक्याला बांधलेला रुमाल सोडून पुन्हा घट्ट बांधला. “दादा, शाळेचे गणवेश आहेत. वीस दिवसांत द्यायचेत. आत्ता जागा खाली केली तर हे काम गेलं, आणि पुढच्या वर्षीचंही गेलं. वीस दिवसांनी तू म्हणशील तर मशीन मी स्वतः डोक्यावरून उतरवीन.”

“बाईंनी सांगितलंय त्याच दिवशी...”

“बाईंना सांगायला काय जातंय. बारा बायका आहेत वर, त्यांना रस्त्यावर बसवू का शिवायला? अरे, दिवसभर गठ्ठे चढतात इथून. लागला असेल कोणाचा धक्का. तू बदल ना एक पट्टी.”

टिचक्याने पट्टीचे दोन तुकडे भिंतीतून सोडवून हातात घेतले. काच बरोबर तारखेतून मोडली होती. आणि मग त्याला ती युक्ती सुचली, जी फक्त काचवाल्यालाच सुचू शकते. काच कधी कोणी कापत नाही. हिऱ्याने तिच्यावर ओरखडा काढतात आणि मग हलकेच वाकवतात. ती त्या ओरखड्यातून आपली आपण मोडते. म्हणजे तारीख लिहिताना आपला हात जड पडला असणार. पट्टी आपल्या ओरखड्याने तुटली. चूक आपली, भिंतीची नाही.

बघा, माणूस किती हुशार असतो. मोठ्या चुकीतून निसटायला त्याने स्वतःहून एक छोटी चूक अंगावर घेतली, आणि वर थोडं चांगलंही वाटून घेतलं.

खरं काय ते बघायची एक सोय होती. मोडलेल्या काचेच्या कडेवर एक जागा आरशासारखी गुळगुळीत असते. तिथून तडा निघालेला असतो. पुढे कड खरखरीत होत जाते. भिंग लावलं की पोरसुद्धा सांगेल. टिचक्याच्या खिशात भिंग होतं. त्याने ते काढलं नाही. तुकडे कागदात गुंडाळून हत्यारांच्या पेटीत तळाशी ठेवले. नवी पट्टी बसवली आणि तिच्यावर, हलक्या हाताने, जुनी तारीख घातली. वहीत लिहिलं: सर्व ठीक.

निघताना रिवाजाप्रमाणे त्याने धाकटीच्या कपाळावर दोन टिचक्या मारल्या. ती पाच वर्षांची असल्यापासून मारत होता. आता ती पन्नाशीला आली होती.

“डोकं आहे ते, बरणी नाही,” ती म्हणाली.

“बरणी असती तर झाकण तरी लावता आलं असतं.”

३

बुधवारनंतर घरात काहीच नीट वाजेना. गुरुवारी तो कानाच्या डॉक्टरकडे गेला. डॉक्टरने कानात उजेड टाकून बघितलं, मग दोन पायांचा लोखंडी चिमटा टेबलावर आपटून कानाशी धरला. तो मात्र छान वाजला, लांब शेपटी सोडत.

“येतोय का ऐकू?”

“स्वच्छ.”

“मग कान विशीतल्या पोरासारखे आहेत तुमचे, काका.”

टिचक्याने डॉक्टरच्या टेबलावरच्या काचेच्या गोळ्याला टिचकी मारली. बद्द. पुन्हा मारली. डॉक्टरने तो गोळा हळूच उचलून खणात ठेवला आणि म्हणाला, “औषध हाताला हवंय असं दिसतं.”

येताना त्याने वाटेतल्या वस्तू वाजवल्या. जिन्याचा लोखंडी कठडा, दुकानाची पाटी, शेजाऱ्याच्या दुचाकीची टाकी. लोखंड असं काचेसारखं टिचत नाही. ते आधी वाकतं, रडतं, गंजतं. तरी बद्द. बाकीचं जग मजेत होतं. दुधाच्या बाटल्या कोणाच्या हातात खणखणत होत्या, पण त्याने बोट लावलं की त्या मुक्या.

शुक्रवारी दुपारी बायको बाजारात गेली होती. टिचक्या एकटाच बसून एका चौकटीतली काच पक्की करायला लुकण भरत होता. मागच्या भिंतीतून आवाज आला.

टिच. टिच.

मग थोडं थांबून, जणू कोणीतरी कान देत होतं, पुन्हा वीतभर वर: टिच. टिच.

नळाला हवा आली असेल, टिचक्याने ठरवलं. मग त्याला आठवलं की त्या भिंतीत नळ नाही. मग त्याने ठरवलं की शेजारी खिळा ठोकतोय. शेजारच्या घराला महिनाभर कुलूप होतं. हेही त्याला आठवलं, पण तोवर त्याचं ठरवून झालं होतं.

४

शनिवारी तो पट्ट्या बघायला गेला.

वर शिवणखाना जोरात चालला होता. बारा मशीनांचा खडखड आवाज जिन्यातून खाली सांडत होता. धाकटी लांब टेबलापाशी उभी राहून कापड फाडत होती. गणवेशाचं जाड कापड. दोन्ही हातांनी कितीही ओढलं तरी अशा कापडाला काही होत नाही. धाकटीने काठाला आईच्या जुन्या कात्रीने बोटाच्या पेराएवढी चीर दिली, दोन बाजू धरल्या आणि ओढल्या. चर्र करून सगळा ताका या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ फाटत गेला.

“एवढीशी चीर,” काजं करणारी मावशी चष्म्यावरून बघत म्हणाली, “आणि बघा कसं ऐकतं कापड. आमच्या घरात नवरा नाही ऐकत.”

बायका हसल्या. टिचक्या हसला नाही. तो त्या चिरेकडे बघत होता.

“दादा, चेहरा का असा? पट्ट्या बघितल्यास?”

“बघतो आता.”

“आणि आज माझ्या कपाळाला सुट्टी?”

“बोट दुखतंय,” तो म्हणाला आणि खाली उतरला.

सगळ्यात खालची पट्टी अखंड होती. त्याने हलकेच टिचकी मारली. बद्द. दुसरी अखंड. बद्द. वरच्या दोन अखंड. बद्द, बद्द. त्याला तेच अपेक्षित होतं. उरलेली तिसरी त्याने शेवटी ठेवली होती.

तिसरीला बोट लागलं आणि ती गायली.

स्वतःच्या टिचकीला असा आवाज त्याने चार दिवसांत ऐकला नव्हता. निर्मळ, बारीक, लांबच लांब. तो जिन्यात फिरला, वर मशीनांत गेला आणि तरी संपेना. साऱ्या घरात, साऱ्या गावात एकच वस्तू टिचक्याच्या बोटाला अखंड वाजत होती, आणि ती होती त्याची खोटी साक्षीदार.

त्याने पट्टी तळव्याने दाबली तेव्हा आवाज थांबला. तळव्याखाली, भिंतीच्या आतून, कोणीतरी दोनदा टिचकी मारली.

त्याने हात काढून घेतला. मशीनांची कंपनं असणार. बारा मशीन म्हणजे काय थोडी झाली. वही खिळ्यावरून काढली आणि लिहिलं: सर्व ठीक. अक्षर इतकं छान आलं की त्याचीच त्याला लाज वाटली.

५

सोमवारी त्याने कोणत्याच वस्तूला बोट लावलं नाही. हात खिशात घालून फिरला. बायको म्हणाली, “बरं वाटतंय ना? कप न वाजवता चहा प्यालात. मला वाटलं दुसराच कोणी शिरला घरात.”

मंगळवारी दुपारी जेवून तो आडवा झाला. ऊन खिडकीतून सरळ भिंतीवर पडलं होतं. झोप लागली न लागली तोच भिंतीत सुरू झालं. टिच, टिच. थांबणं. टिच, टिच. आता ते भिंतभर फिरत होतं, नीट, ओळीने, काम माहीत असलेल्या माणसासारखं. कोपरा संपला की जमिनीशी. जमीन संपली की पलंगाचा पाय. टिचक्याला ती पद्धत ओळखीची होती. मोठी काच तपासताना तो स्वतः असाच कडेकडेने जात असे.

कोणीतरी घर वाजवून बघत होतं.

उंदीर असेल, तो डोळे मिटून म्हणाला. लाकूड उन्हाने तडकत असेल. पलंगाची फळी वाजली. मग उशीशेजारची.

मग त्याच्या नडगीवर दोन टिचक्या बसल्या.

दुखलं नाही. पण आवाज त्याने ऐकला, बाहेरून नाही, हाडांच्या आतून. बद्द. बद्द. आणि मग ते थांबणं, कान देऊन, शेवटपर्यंत.

त्याने डोळे उघडले. पलंगाशी कोणी नव्हतं. समोर उन्हात न्हालेली भिंत होती, आणि तिच्यावर एक केसाएवढी रेघ, जी सकाळी नव्हती. त्या रेघेत काहीतरी मागे सरकत होतं. एवढंच दिसलं त्याला: एका बोटाचं टोक, आणि त्यावरचं जाड, पिवळं, मधोमध चिरलेलं नख.

मग रेघही नव्हती. नुसती भिंत. टिचक्याने स्वतःचा उजवा हात पांघरुणातून बाहेर काढला आणि बोटं मोजली. पाचही होती. नखाच्या चिरेत मात्र पांढरा चुना भरला होता.

६

त्याने हत्यारांची पेटी जमिनीवर उपडी केली. कागदाची गुंडाळी सापडली. तुकडे घेऊन तो खिडकीत गेला आणि अकरा दिवस खिशात पडलेलं भिंग काढलं.

तारखेचा ओरखडा काचेच्या पुढच्या बाजूला होता. आरशासारखी गुळगुळीत जागा मागच्या बाजूला. भिंतीकडच्या. तडा तिथून निघाला होता आणि पुढे येताना जाता जाता तारखेतून गेला होता, बस. ओरखड्याने काही केलं नव्हतं. कोणाच्या धक्क्यानेही नाही. धक्का बाहेरून बसतो. काचेला मागून भिंतीने ओढलं होतं.

टिचक्या चपला न घालता निघाला.

शिवणखान्यात शिरला आणि त्याने भिंतीवरचा मशीनांचा खटका खाली ओढला. खडखड बसली. तेरा तोंडं त्याच्याकडे वळली.

“खाली चला सगळ्या. आत्ता. भिंत हलते आहे.”

“दादा, नऊ दिवस राहिलेत,” धाकटी हळू आवाजात म्हणाली. “शनिवारीच तर तू लिहिलंस ना, सर्व ठीक म्हणून?”

“खोटं लिहिलं. तिसरी पट्टी मागेच तुटली होती. मी नवी बसवली आणि जुनी तारीख घातली.”

धाकटीने सांगितलं होतं, हे तो बोलला नाही. धाकटीनेही मान खाली घातली. काजं करणाऱ्या मावशीने चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला.

“म्हणजे अकरा दिवस,” ती म्हणाली, “आम्ही तुमच्या अक्षरावर बसलो होतो होय?”

“हो.”

“अक्षर छान आहे हो तुमचं,” मावशी म्हणाली आणि पिशवी उचलून निघाली. तिच्यामागून बाकीच्या. कोणी धावलं नाही, कोणी बोललंही नाही. त्या ओरडल्या असत्या तर टिचक्याला परवडलं असतं.

रस्त्यापलीकडे त्याने मोजल्या. बारा आणि धाकटी. त्याने इंजिनिअरबाईंना फोन लावला आणि पाठ फिरवून सगळं सांगायला लागला, कारण बायकांकडे बघत सांगायची हिंमत नव्हती. वळला तेव्हा बारा होत्या.

“आईची कात्री राहिली म्हणून वर गेली,” मावशीने सांगितलं. “आम्ही हाका मारल्या.”

टिचक्या दारापर्यंत पोचला आणि धाकटी जिन्यातून बाहेर आली, हातात कात्री, डोक्यावरचा रुमाल पिठासारखा पांढरा.

“काही नाही रे,” ती हसत म्हणाली. “वळणावर प्लास्टरचा पोपडा पडला डोक्यावर. तुझ्या त्या तिसऱ्या पट्टीसकट. रुमाल होता म्हणून बरं.”

अर्ध्या तासाने मागची भिंत खाली बसली. स्फोट नाही, किंकाळी नाही. खूप वेळ उभा असलेला माणूस टेकतो तशी बसली, आणि तिच्याबरोबर जिना. इंजिनिअरबाई तोवर आल्या होत्या. त्यांनी धुळीकडे बघितलं आणि मग टिचक्याकडे.

“वही कुठे आहे?”

“त्यात गेली.”

“उद्या ऑफिसात या आणि जे केलंत ते लिहून द्या. आज मला तुमच्याशी बोलायचं नाही, काका.”

तो मान हलवत राहिला. त्याला बरं वाटत होतं, खरं सांगायचं तर. कोणीतरी शेवटी रागावलं होतं.

७

धाकटीला तो घरी घेऊन आला. तिने धूळ निघेपर्यंत डोक्यावरून आंघोळ केली आणि केस मोकळे सोडून, खांद्यावर टॉवेल टाकून खिडकीत बसली. बायकोने चहा टाकला आणि कप समोर ठेवला.

टिचक्याचं बोट आपोआप गेलं.

टण्ण.

तो थांबला. शेपटी हलत राहिली, हलत राहिली आणि हळूच विझली. त्याने दुसरा कप वाजवला. टण्ण. पेला, आरसा, खिडकीची काच. सगळं घर आपापल्या सुरात बोलायला लागलं. म्हातारा पोरासारखा या खोलीतून त्या खोलीत टिचक्या मारत सुटला. पलंगाची फळी खणखणीत. मागची भिंत भरीव. आणि भिंतीतून परत कोणी उत्तर दिलं नाही.

“झालं सुरू पुन्हा,” बायको म्हणाली, पण तिलाही बरं वाटलं होतं. मग ती धाकटीकडे वळली. “वन्सं, माझं ऐका. डोक्याला लागलंय, दवाखान्यात जाऊन या.”

“लागलं कुठे, वहिनी. नुसतं जड वाटतंय जरा. धूळ गेली असेल नाकात.” धाकटीने कप दोन्ही हातांत धरला होता, एका हाताने तिला तो धरवत नव्हता, पण ते कोणी पाहिलं नाही. “हा आहे ना घरातला डॉक्टर. दादा, इकडे ये. वाजवून सांग. तू पक्कं म्हणालास तर मी कुठे जात नाही.”

“हे बघा, मस्करी नको,” बायको म्हणाली.

“मस्करी नाही. त्याचा कान कधी चुकलाय का?” धाकटीने डोळे मिटून कपाळ पुढे केलं. पाच वर्षांची असताना करायची तसं. भिंत पडल्यावरही तिने एकदाही त्याला दोष दिला नव्हता, आणि आता ती त्याच्यावर भरवसा ठेवून बसली होती.

टिचक्याने बोट अंगठ्याखाली ताणलं आणि सोडलं. दोनदा. मग थांबून कान दिला.

बद्द. बद्द.

पंख्याचा आवाज होता. स्वयंपाकघरात नळ ठिबकत होता. बायको त्याच्या तोंडाकडे बघत होती.

ओली वस्तू बद्दच वाजते, टिचक्याला आठवलं. ओली वीट घ्या, ओलं मडकं घ्या, ओलं लाकूड घ्या. चाळीस वर्षांत किती वेळा गिऱ्हाइकांना सांगितलं, काच पुसल्याशिवाय वाजवू नका म्हणून. तिचे केस ओले आहेत. नुकतीच न्हाली आहे ती. ओलं आहे म्हणून बद्द.

कपाळाला केस नसतात, हे त्याला माहीत होतं.

“काय म्हणतंय मडकं?” धाकटीने डोळे न उघडता विचारलं.

“सर्व ठीक,” टिचक्या म्हणाला.

“बघा वहिनी,” ती म्हणाली आणि भिंतीला डोकं टेकून बसली.

टिचक्याने उठून पंखा तिच्याकडे वळवला, स्टूल जवळ ओढलं, आणि हात मांडीवर ठेवून तिचे केस वाळायची वाट बघत बसला.